कुठल्या डोळ्याचा रंग लावायचा?

ठाण्यात पोखरण रोड नंबर २ वरचा फ्लॅट. काकांच्या बेडरूमसाठी दोन ऑफ-व्हाइट उरले होते, एक पिवळसर मारणारा, दुसरा किंचित निळसर. मुलाला निळसर हवा, सूनबाईंना पिवळसर. इंटिरियरच्या कामात निम्मा वेळ असल्या भांडणातच जातो आणि त्याचं बिल लावता येत नाही.

शेडकार्डवरून मी फायनल करू देत नाही, आणि जुन्या भिंतीवर पॅच तर अजिबात नाही. इथे जुना रंग पिस्ता, त्याच्या शेजारी कुठलाही ऑफ-व्हाइट गुलाबी वाटायला लागतो. जाड कार्डशीटवर दोन हात मारायचे, कडेला पांढरी पट्टी सोडायची, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग ते कार्ड खिडकीसमोर, खिडकीच्याच भिंतीवर, कोपऱ्यात, दुपारी आणि रात्री लाइट लावून बघायचं, कारण ३००० केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली आणि ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली एकच शेड ओळखू येत नाही. कॉन्ट्रॅक्टरला हे नखरे वाटतात, वाटू देत. मुलाने मोबाइलवर फोटो काढून बहिणीला पाठवले, त्यात दोन्ही सारखेच, कॅमेरा आपल्या मनाने पांढरं ‘सुधारतो’ हे कोणी ऐकतच नाही.

काका तोवर गप्प बसलेले. म्हणाले, "अरे, दोन्ही एकच तर आहेत." मग डावा डोळा हाताने झाकला. "हां, हा निळा आहे की." उजवा झाकला, परत दोन्ही पिवळट! उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. मोतीबिंदू वाढत गेला की डोळ्यातलं भिंग बऱ्याचदा पिवळं पडतं, निळा उजेड अडवतं, हे वाचून माहीत होतं, पण असं समोर कधी बघितलं नव्हतं. मी बेडवरची पांढरी चादर दाखवली, तीही दोन रंगांची.

मुलगा वैतागला, "बाबा, काय ते एकच सांगा ना."

"कुठल्या डोळ्याचं सांगू?"

शेवटी सूनबाई म्हणाल्या, दुसरं ऑपरेशन होऊ दे. कॉन्ट्रॅक्टर चिडला, त्याची माणसं एकदा दुसऱ्या साइटवर गेली की परत मिळत नाहीत. ती खोली पुट्टी-प्रायमरवर सोडलीय. पण ऑपरेशननंतर सुरुवातीला सगळं निळसर दिसतं म्हणतात, मग हळूहळू सवय होते, म्हणजे काकांना लगेच विचारायचं की थांबून? मुलगा म्हणतो तुम्हीच ठरवा. झोपणार काका, मी कशाला ठरवू?