दाराच्या मागे गेलेला स्विच

रिनोव्हेशनमध्ये बेडरूमचं दार उलट्या बाजूने उघडणारं करून घेतलं, कपाटाला जागा हवी होती म्हणून, आणि लाइटचा स्विच गेला बरोब्बर दारामागे. म्हणजे आत यायचं, दार लोटायचं आणि मग अंधारात भिंत चाचपत बसायचं. ड्रॉइंग बघताना हे कुणाच्याच डोक्यात येत नाही, दार कसं उघडणार यावरून स्विच ठरतो, पण बोलणं सगळं टाइल्स आणि रंगावर.

स्विचची नवीन जागा ठरवायला मी पुठ्ठ्याचा तुकडा भिंतीला चिकटवला आणि घरातल्या सगळ्यांना येता-जाता त्यावर हात मारायला लावलं. हसले सगळे, पण आईचा हात जिथे जात होता ती जागा वायरमनने पेन्सिलने केलेल्या खुणेच्या चांगलीच खाली होती. शिवाय चौकटीला लाकडी पट्टी बसायची बाकी होती, तिची रुंदी धरली नसती तर स्विचची प्लेट त्या पट्टीवरच चढली असती.

खरा वाद झाला तो जॉइंटवरून. छतातून येणाऱ्या वायरी जुन्या बॉक्सपर्यंतच पुरत होत्या. वायरमन म्हणाला, "ताई, इथेच जॉइंट मारून पुढे नेतो, वरून प्लास्टर, दिसणार पण नाही." अहो दादा, दिसणार नाही हाच तर प्रॉब्लेम आहे! जॉइंट कधी सैल झाला की तो गरम होतो, आणि भिंतीत गाडलेला जॉइंट शोधणार कोण आणि कसा? एकतर जुना बॉक्स तसाच ठेवून त्यावर कोरी प्लेट लावायची, म्हणजे उघडता तरी येते, नाहीतर छतातल्या बॉक्सपासून सलग नवीन वायर ओढायची. आम्ही दुसरं केलं, झिरी, म्हणजे वायरीच्या पाइपसाठी भिंतीत कापलेली खाच, जास्त मारावी लागली, धूळ सगळ्या घरात, पण ठीक आहे. झिरी मात्र स्विचच्या सरळ वर, तिरपी अजिबात नाही, कारण पुढे कुणी खिळा ठोकताना वायर स्विचच्या सरळ रेषेतच असेल असंच धरून चालतो. आणि कॉलम-बीमला कटर लावू द्यायचा नाही, तिथे पाइप वळवून न्यायचा.

जुना बॉक्स उघडल्यावर अजून एक गंमत कळली. त्या खोलीतला एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री मंद मिणमिणायचा, आम्ही बल्बलाच शिव्या घालत होतो, तर स्विच फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर नव्हताच, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर होता! म्हणजे स्विच बंद असला तरी होल्डरमध्ये करंट आहेच, बल्ब बदलायला हात घालणाऱ्याला काय कळणार. ते या निमित्ताने सुधारून घेतलं. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डवरचा त्या लाइनचा स्विच, पाडूनच काम करतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, टेस्टरच बिघडलेला असेल तर तो सगळीकडे "करंट नाही" असंच सांगणार.

प्लास्टर भरायच्या आधी झिरीला मेजर टेप धरून फोटो काढून ठेवले, ते कपाट भिंतीला ठोकताना लगेच कामाला आले. रंगवाला म्हणत होता नुसता पॅच मारू, नको म्हटलं, उजेड तिरका पडला की पॅच दिसतोच, अख्खी भिंतच मारून घेतली.