पडद्यावरच्या कळा

पडद्यावरचे बाळंतपण दोन मिनिटांत आटोपते. नायिकेला एकाएकी कळ येते, लगेच पाणमोट फुटते, स्ट्रेचर धावते, बंद दारावर लाल दिवा लागतो आणि येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याच्या कानी बाळाचे रडणे पडते. दाई असलीच तर ती गरम पाणी मागणारी अडाणी म्हातारी, नाहीतर पैशांसाठी बाळांची अदलाबदल करणारी.

हेच चित्र डोक्यात ठेवून मी ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहिली कळ येताच, मध्यरात्री नागपुरातल्या एका दवाखान्यात पोहोचले आणि ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ म्हणून घरी परत पाठवली गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भाशयाचे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर खऱ्या अर्थाने कळांचा सक्रिय टप्पा सुरू होतो, पहिलटकरणीला त्यापुढेही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि त्याआधीच्या टप्प्याला तर ठरावीक मुदतच नसते, हे मला कुठल्याच मालिकेने सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कूलरच्या घरघरीत एक सिस्टर माझ्या पोटावर हात ठेवून, घड्याळाकडे पाहत, दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोजत बसली होती. ‘ओरडू नको वं, फुंकर मार,’ एवढेच ती मधूनमधून म्हणे. कोणीही धावत नव्हते. आईला मात्र आत येऊ दिले नाही. प्रसूतीवेळी बाईच्या पसंतीचे माणूस जवळ असावे, असे त्याच सूचना सांगतात, पण पडद्याने नातेवाइकांना दाराबाहेर उभे करून ठेवल्यामुळे आम्हालाही ते वावगे वाटले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के आहे. म्हणजे चारांतली जवळपास तीन बाळंतपणे शस्त्रक्रियेविनाच पार पडतात. बातमी मात्र होते ती रिक्षात झालेल्या प्रसूतीची किंवा दवाखान्याच्या तोडफोडीची. केंद्र सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांना दीड वर्षाचे खास प्रशिक्षण देऊन प्रसूतितज्ज्ञ सुईणी घडवण्याचे धोरण आखले, तेही माझ्यापर्यंत वर्तमानपत्रातून नव्हे, तर पुढे त्याच सिस्टरकडून पोहोचले.

आता मालिकेत कोणी कळा देऊ लागली की माझी आई भाजी निवडता निवडता विचारते, ‘हिच्याजवळ बसलेली बाई कुठे आहे?’