हिमालयात गॅसचा कॅन मलूल का होतो

उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बेस कॅम्पवर पहाटे चहा ठेवला की गॅसच्या छोट्या कॅनवर चालणारे दहापैकी आठ स्टोव्ह कुरकुरतात, आणि "हवा विरळ आहे ना, म्हणून" असं कुणीतरी म्हणतंच. कॅनमधल्या गॅसपुरतं हे उलटं आहे. उंची त्याला मदतच करते, घात करते ती थंडी.

कॅनमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि तो उकळेल तेवढीच वाफ बर्नरला मिळते. समुद्रसपाटीला साधं ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२ ला आणि प्रोपेन उणे ४२ ला. ३,४०० मीटरवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे १२ च्या आसपास उतरतो. म्हणजे उणे ८ अंशांच्या पहाटे तो चालायला हवा. पण वाफ होताना द्रव स्वतःचीच उष्णता ओढून घेतो, त्यामुळे स्टोव्ह चालू असताना कॅन भोवतालच्या हवेपेक्षाही पाच-दहा अंशांनी थंड होतो. पत्र्यावर खालच्या बाजूला पांढरा हिमाचा पट्टा धरतो, आतला द्रव तेवढ्याच उंचीपर्यंत असतो. तिथून ज्योत बसत जाते.

दुसरी भानगड मिश्रणाची. प्रोपेन आधी उडून जातं, तळाशी जड ब्युटेन उरतं. म्हणून नवा कॅन फुरफुरत पेटतो आणि तोच पाव भरलेला असताना हलवला तर आत द्रव डुचमळतो, पण आच नाही. खरेदी करताना लेबल वाचा. '७० टक्के ब्युटेन, ३० टक्के प्रोपेन' सुरुवातीला झकास, शेवटी रडतं. आयसोब्युटेन ८० आणि प्रोपेन २० असेल तर थंडीत शेवटपर्यंत साथ देतं, त्याला चार पैसे जास्त मोजावेत. पोर्टेबल शेगडीचे लांबट कॅन बहुतेक निव्वळ ब्युटेनचे असतात. सह्याद्रीत उत्तम, बर्फात नकोत. पुन्हा भरलेला कॅन तर घेऊच नये. आत काय आणि किती भरलंय ते कळत नाही, आणि हे कॅन पुन्हा भरण्यासाठी बनवलेलेच नसतात.

रात्री कॅन स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा, स्टोव्ह काढून. पेटवताना कॅन थेट बर्फावर नको, खाली मॅटचा तुकडा हवा. सगळ्यात गुणकारी उपाय मात्र पाण्याचा: उथळ ताटलीत दोन बोटं कोमट पाणी घ्या आणि कॅन त्यात उभा करा. नळाइतकं गार पाणीही चालतं, कारण ते शून्याच्या वर असतं. पाण्यावर बर्फाची साय धरू लागली की बदला. उकळतं पाणी कधीही नाही. कॅन ५० अंशांच्या वर जाता कामा नये; हाताला चटका बसला तर लगेच बंद करा.

याच कारणासाठी कॅनवर बसणाऱ्या स्टोव्हला चारी बाजूंनी पत्र्याचा आडोसा लावू नये. वारा येतो त्या बाजूला सॅक किंवा दगड पुरतात. तंबूत पेटवणं तर नकोच. उंचीवर ज्योतीला हवा कमी पडते, ती पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

उणे १५ च्या खाली जायचं असेल, लडाखमधल्या गोठलेल्या नदीवरच्या चादरसारख्या ट्रेकला, तर कॅन बाजूला ठेवून नळीने जोडायचा स्टोव्ह घ्या, पण बर्नरजवळून जाणारी पितळी तापनळी असलेलाच. आधी कॅन उभा ठेवून मिनिटभर पेटवा, नळी तापू द्या, नॉब बारीक करा आणि मग कॅन सावकाश उलटा. आता वाफेऐवजी द्रवच नळीत येतो, म्हणून मिश्रण शेवटपर्यंत तेच राहतं. नॉबचा परिणाम दोन-तीन सेकंद उशिरा दिसतो, घाईने फिरवू नका. तापनळी नसलेला स्टोव्ह उलटा केला तर भडका उडतो.

हिशेब असा: झाकण ठेवून, वाऱ्याआड, ५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस. बर्फ वितळवून केलं तर त्याच्या दुप्पट, २५ ते ३० ग्रॅम. टोपात आधी पेलाभर पाणी घालून मगच बर्फ टाकत जा, नाहीतर बूड करपतं आणि चहाला जळका वास येतो. ३,४०० मीटरवर पाणी ८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ किंवा छोले कुकरशिवाय शिजत नाहीत. तांदळापेक्षा पोहे, शेवया बऱ्या.

स्टोव्ह पेटवायच्या पिझो बटणावर (दाबलं की ठिणगी पडते ते) विसंबू नका, उंचीवर ते अनेकदा दगा देतं. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत आणि लायटर आतल्या खिशात असू द्या. आणि पुण्या-मुंबईहून कॅन नेता येत नाहीत: विमानात केबिन बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, रेल्वेतही मनाई. देहरादून, मनाली किंवा लेहला उतरून घ्या, आणि अर्धवट वापरलेला कॅन देत असतील तर आधी वजन करा. २३० ग्रॅम गॅस मावणारा कॅन रिकामा असताना साधारण १५० ग्रॅम भरतो.