तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेयर पियानोचे पार्ट मिळतात तरी कुठून?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. इथे ओहायोतले शेजारी विचारतात, महाराष्ट्र मंडळात भेटणारे काका विचारतात, पुण्याहून फोनवर मावशी विचारते, की अरे शंभर वर्षं जुना पियानो, बनवणारी कंपनी कधीच बुडाली, मग त्याचे पार्ट तू आणतोस कुठून? खरं सांगू का, पार्ट असे मी फारसे आणतच नाही. कापड आणतो, कातडं आणतो, रबराची नळी आणतो आणि सरस आणतो. बाकीचं बहुतेक त्या पियानोतच असतं, फक्त ते फेकून द्यायचं नसतं.

ज्यांनी बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भोकं पाडलेला कागदाचा रोल लावायचा, खाली पायाने पेडल मारत राहायचं, आणि पियानोच्या पट्ट्या आपोआप खालीवर होतात. एडविन व्होटीने १८९५ मध्ये डेट्रॉईटमध्ये 'पियानोला' नावाचं असं यंत्र बनवलं, तेव्हा तो पियानोसमोर आणून ठेवायचा वेगळा डबा होता, नंतर हे सगळं पियानोच्या पोटातच बसवायला लागले. १९२३ च्या सुमारास तर अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त प्लेयर होते. मग रेडिओ आला, १९२९ ची मंदी आली आणि धंदा बसला.

आता आतलं बघा. रोलखाली पितळेची पट्टी असते, तिला ८८ भोकं, प्रत्येक भोकाला एक नळी. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की बाहेरची हवा नळीतून आत शिरते, एक कातड्याची छोटी चकती फुगते, ती व्हॉल्व उचलते, आणि त्या सुराचा छोटा भाता एकदम मिटतो, आणि तो मिटताना पियानोची हातोडी उडवतो. आपल्या पेटीत भाता हवा ढकलतो, इथे सगळा खेळ हवा ओढण्याचा आहे, त्यामुळे कुठेही बारीकशी गळती असली तर पेडल मारून मारून पोटऱ्या भरून येतात आणि वाजत काहीच नाही.

म्हणजे खराब काय होतं? लाकूड नाही होत. कापडावरचं रबर कडक होऊन तडकतं, रबरी नळ्या चुरा होऊन पडतात, कातडं झिरझिरीत होतं. हे सगळं आजही नवीन मिळतं, आणि इथे पियानोचा माल विकणारी मोजकी दुकानं आहेत ती यार्डावर देतात. फक्त मागताना नीट मागायचं. छोट्या भात्यांचं कापड वेगळं, एकदम पातळ, रबर दिलेलं सुती, आणि पेडलने हवा ओढणाऱ्या खालच्या मोठ्या भात्यांचं वेगळं, जाड. जाड कापड छोट्या भात्याला लावलं तर तो मिटायलाच उशीर करतो आणि जलद गाण्यात सूर गळतात. कापड स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, उगाच दोनदा काम होतं.

एक भाता म्हणजे काय, तर अर्धी वीत लांब अशा दोन पातळ लाकडी पट्ट्या, एका टोकाला कापडाची बिजागरी, आणि बाकी तीन बाजूंनी गुंडाळलेलं कापड. असे ८८. जुनं कापड खरवडून काढायचं, लाकडाच्या कडा सपाट घासायच्या, भाता किती उघडतो ते माप सगळ्यांचं एकच ठेवायचं, मग सरस गरम करून कडेला लावायचा आणि तो थिजायच्या आत कापड फिरवून बसवायचं, उरलेलं ब्लेडने कापायचं. पहिले दहा करताना मजा येते. नंतर सरसाचा वास कपड्यांना, केसांना, अगदी गाडीलासुद्धा लागतो आणि घरचे जेवताना लांब बसतात.

सरसच का, हाही प्रश्न नेहमीचा. आपले जुने सुतार वापरायचे तोच हा, जनावराच्या कातड्याहाडांचा, डबल भांड्यात गरम करायचा. कारण एवढंच, की पन्नास वर्षांनी दुसरा कोणीतरी हे परत उघडणार आहे आणि सरसाचा सांधा उष्णतेने, वाफेने सुटतो. माझ्याकडे एक पियानो आला होता, आधीच्या कारागिराने सगळीकडे सुतारकामाचा पांढरा गोंद चोपडलेला, भाते सुटेनात, सोडवायला गेलं की लाकडाच्या ढलप्याच निघायच्या. त्यातले कितीतरी भाते नव्याने लाकूड कापून करावे लागले. पार्ट मिळत नाहीत म्हणून लोक रडतात, पण माझ्या मते पार्ट मारतात ते असे रिपेअरवालेच.

कातड्याच्या चकत्यांचंही तसंच. त्या थोड्या खोलगट बसवायच्या असतात, ढोलकीच्या पुडीसारख्या ताणून बसवल्या तर व्हॉल्व हलतच नाही, आणि व्हॉल्व हलायचा तरी किती, साधारण १/३२ इंच. एवढ्याशा फरकावर सगळा पियानो चालतो किंवा बसतो.

बरं, आता जे यार्डावर मिळत नाही त्याचं. इथे लोक घोळ घालतात, पियानोवर सोनेरी अक्षरात जे नाव असतं ते घेऊन पार्ट शोधत बसतात. ते नाव कित्येकदा नुसतं विकणाऱ्या दुकानाचंसुद्धा असतं. आतलं यंत्र कोणाचं ते बघा. न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड न्यूमॅटिक ॲक्शन कंपनीचं यंत्र कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या पियानोंत बसवलेलं असायचं, उलट शिकागोच्या गुलब्रॅन्सनचं स्वतःचंच वेगळं. यंत्राचं नाव कळलं की तुमचा व्हॉल्व कुठल्या दुसऱ्या पियानोतून काढता येईल ते कळतं.

आणि दुसरा पियानो मिळतोच. रोज कोणीतरी जाहिरात देतं, फुकट घेऊन जा. साडेतीनशे किलोच्या आसपासचं धूड फुकटच देणार, कारण तळघरातून वर काढणार कोण! असा एखादा घ्यायचा, यंत्र काढून ठेवायचं. बायको काय म्हणते ते इथे लिहित नाही.

सगळ्यात वाईट जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग. त्या काळच्या ओतकामात शिसं वगैरे मिसळलेलं राहिलं की धातू आतून फुगतो, तडे जातात, हातात घेतला की भुगा. यांना जोडणं नाही, वेल्डिंग नाही, आणि दुसऱ्या पियानोतला काढला तर तोही त्याच रांगेत. काही भाग हौशी लोकांनी नव्याने ओतून विकायला ठेवलेत, नाहीतर तुटलेल्या तुकड्यांवरून माप घेऊन पितळेत करून घ्यायचा, हल्ली थ्रीडी प्रिंटही करतात. म्हणून तुकडेसुद्धा डबीत घालून ठेवा. काही जुन्या पियानोंत शिशाच्या नळ्या असतात, आतून पांढरी पूड धरलेली, ती विषारी आहे, मास्क लावा, फुंकर मारू नका.

माणसं मात्र भेटतात. अ‍ॅमिका म्हणून या यंत्रांच्या संग्राहकांची संस्था १९६३ पासून आहे, आणि त्यातल्या म्हाताऱ्या लोकांच्या गॅरेजमध्ये जे आहे ते कुठल्याच दुकानात नाही. विचिटाच्या 'प्लेयर पियानो कंपनी' या पार्ट विकणाऱ्या कंपनीचा जुना कॅटलॉग कुठे दिसला तर सोडू नका, त्यातली चित्रं बघून पार्टचं नाव तरी कळतं.

रोलचं म्हणाल तर ८८ सुरांचे रोल भरपूर आहेत, १९०८ मध्ये बफेलोला सगळ्या कंपन्यांनी बसून इंचाला नऊ भोकं हे माप ठरवलं, म्हणून एकाचा रोल दुसऱ्याच्या पियानोत चालतो. त्याआधीचे ६५ सुरांचे रोल इंचाला सहाचे, ते स्वस्त दिसले म्हणून उचलू नका.

तर मला फोटो पाठवाल तेव्हा झाकणावरच्या नावाचा एकटा नको. वरचा रोलचा कप्पा, खालचं झाकण काढून मोठे भाते, आणि नळ्या दिसतील असा एक पाठवा. आणि काहीही उपटण्याआधी फोटो काढा, कुठली नळी कुठे जाते ते नंतर कोणालाच आठवत नाही.