तुम्ही विचारलंत म्हणून: गोदाम बदललं आणि बॉक्स कमी भरले

कंपन्यांची जुनी कागदपत्रं बाहेरच्या गोदामात नीट लावून ठेवायची आणि लागतील तेव्हा काढून आणायची, हे माझं काम. त्यामुळे मुंबईतल्या ऑफिसांतून एक प्रश्न मला सारखा येतो: "जुना व्हेंडर, म्हणजे गोदामवाला, सोडला, बॉक्स नव्याकडे गेले आणि मोजणीत काही कमी भरले. आता काय करायचं?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी वरच्यांना अजून काहीच सांगितलेलं नसतं.

आधी ते सांगा. आजच आणि लेखी. कारण पुढची सगळी शोधाशोध कंपनीच्या नावाने व्हायला हवी. एकट्या क्लार्कने गुपचूप केलेल्या फोनांना जुना व्हेंडर दाद देत नाही.

दुसरी गोष्ट, बॉक्स टेम्पोतून पडला असं समजून सुरुवात करू नका. फोर्ट-नरिमन पॉइंटला कागदासाठी जागा परवडत नाही, म्हणून दप्तर भिवंडी-तळोज्याकडे जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मधल्या काळात ऑडिटसाठी एखादा बॉक्स मागवला जातो, काम झाल्यावर कुणाच्या तरी टेबलाखाली राहतो आणि तो माणूस रिटायर होतो. फाईल परत जाते ती भलत्याच बॉक्समध्ये. कधी व्हेंडरच आपलं गोदाम हलवतो, नवे बारकोड चिकटवतो, आणि जुन्या-नव्या नंबरांची जोडयादी आपल्याकडे येतच नाही. व्हेंडर बदलताना सगळा माल पहिल्यांदाच एकदम मोजला जातो, एवढंच. बॉक्स बहुधा त्याआधीच गेलेला असतो.

म्हणून तीन याद्या शेजारी-शेजारी लावा: तुमची, जुन्या व्हेंडरची, आणि नव्या व्हेंडरने माल उतरवताना स्कॅन केलेली. एकूण आकडा जुळतो का हे पाहून थांबू नका, नंबराला नंबर लावा. जुन्याच्या यादीत 'आउट' दिसणारा प्रत्येक बॉक्स कुणाच्या सहीने बाहेर आला ते चलानांवरून काढा आणि मग स्वतःच्या ऑफिसातला माळा, स्टेशनरीची खोली, ऑडिटवाल्यांची खोली पालथी घाला. 'हरवलेले' बॉक्स तिथे निघताना मी अनेकदा पाहिले आहेत. जुन्या गोदामातही माणूस पाठवा. रॅकवर बॉक्स एकामागे एक दोन रांगांत असतील तर मागची रांग स्कॅनमधून सुटते.

या काळात जुना व्हेंडर 'सर्व बॉक्स मिळाले' अशा पावतीवर सही मागेल. देऊ नका. जे नंबर मिळाले त्यांचीच पोच द्या, न मिळालेले नंबर त्याच कागदावर लिहा आणि ना-हरकत पत्र रोखून ठेवा. भाड्याची जुनी बिलंही काढा. जो बॉक्स 'आमच्याकडे कधी आलाच नव्हता' असं आज सांगतात, त्याचं भाडं गेल्या महिन्यापर्यंत घेतलं असेल, तर तुमच्या हातात त्याहून भक्कम कागद नाही. बिलासोबत बॉक्सनिहाय तपशील नसेल तर तो मागून घ्या. भरपाईची मात्र फार आशा धरू नका. करारात ती बहुधा बॉक्समागे ठराविक रकमेपुरतीच असते आणि आतल्या कागदाची किंमत तिच्यात धरलेली नसते.

एवढं करूनही सापडला नाही, तर आत काय होतं ते पाहा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं मागच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. मुदत उलटलेली व्हाउचर असतील आणि कोर्टात काही चालू नसेल, तर तशी नोंद करून पुढे जाता येतं. खटल्यातला कागद असेल तर वकिलांना लगेच कळवा. मूळ दस्त हरवला असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६० खाली दुय्यम पुरावा, म्हणजे मूळाऐवजी प्रत वगैरे, देता येतो. पण मूळ होतं, ते हरवलं आणि तुम्ही मनापासून शोधलं, हे दाखवावं लागतं. वरची सगळी पत्रं आणि याद्या तिथे कामी येतात.

ग्राहकाचा कागद असेल तर गोष्ट निराळी. समजा, बँकेकडे तारण असलेली घराची मूळ कागदपत्रं त्या बॉक्समध्ये होती. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने आणलेल्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ती ३० दिवसांत परत द्यायची असतात आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई असते. कागद गहाळ झाले तर नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवायला बँकेने मदत करायची, खर्चही तिनेच सोसायचा. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना हे लागू आहे. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, तेव्हा कर्ज फिटायची वाट न बघता अर्ज करून टाका.

एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे. न सापडलेले बॉक्स चुपचाप नष्ट केलेल्यांच्या यादीत घुसडणं. ऑडिट तेवढ्यापुरतं टळतं, पण जे घडलंच नाही त्याची नोंद तयार होते, आणि उद्या बॉक्स सापडला तरी कुणी तो शोधत नसतं. मुंबईत तरी याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. गिरण्या बंद पडल्यावर घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांना हजेरीपत्र, तिकीट नंबर, फंडाची पावती, असलं काहीतरी दाखवून आपण त्या खात्यात राबलो हे सिद्ध करावं लागलं. कुणाचं आयुष्यभराचं काम एका मस्टरच्या पानावर उभं असतं. ते पान तुमच्या बॉक्समध्ये होतं की नाही, हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे.

म्हणून न सापडलेल्या प्रत्येक बॉक्सची स्वतंत्र नोंद करा: नंबर, आतला मजकूर, शेवटचा कधी आणि कुणाकडे दिसला, कुठे कुठे शोधलं, कुणाला कळवलं. खाली जबाबदार माणसाची सही. महत्त्वाचे कागद असतील तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची तक्रार नोंदवा आणि तिची प्रत याच नोंदीला जोडा. बँक, ऑडिटर, कंपनी निबंधकाकडची नोंद, जीएसटी पोर्टल यांतून जे पुन्हा मिळेल त्यावर 'प्रत' असा शिक्का आणि ती मिळाल्याची तारीख घाला. जुनी तारीख टाकून नवा कागद बनवायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणा.

आणि नव्या व्हेंडरच्या करारावर सही करण्याआधी एक कलम घालून घ्या: दरवर्षी आपल्या माणसाने गोदामात जाऊन आपल्या पसंतीचे काही बॉक्स काढायला लावायचे, उघडून यादीशी ताडायचे, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.