चहाच्या खोलीतले प्रश्न

२०२१ चा फेब्रुवारी. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका हॉस्पिटलात नर्स होते. मेट्रनने, म्हणजे आमच्या वरिष्ठ नर्सने सांगितलं, वॉर्डातल्या एशियन आणि ब्लॅक स्टाफला कोविडच्या लसीबद्दल तू समजाव, तुझं ऐकतील. तेव्हा लेस्टरच्या हॉस्पिटलांचे आकडे आले होते, गोऱ्या स्टाफपैकी साधारण ७१ टक्क्यांनी लस घेतलेली, साउथ एशियन ५८-५९ आणि ब्लॅक स्टाफ फक्त ३७. आदल्या वर्षी ह्या देशात कोविडने गेलेल्या ज्या पहिल्या दहा डॉक्टरांची नावं आली ते दहाही आपल्यासारखेच, गोरे नसलेले, आणि लसीत मागे पण आपणच, हे मला फार लागलं.

स्लाइड्स दाखवल्या, ९५ टक्के परिणामकारक वगैरे सगळं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या, प्रश्न एकही नाही. प्रश्न आले ते नंतर चहाच्या खोलीत, मॅनेजर कोणी नसताना.

सफाईच्या गुजराती बेननी हळूच विचारलं, "सिस्टर, आमां जनावरनुं कंई नथी ने?" म्हणजे ह्यात प्राण्याचं काही नाही ना? मी फायझरच्या लसीतल्या घटकांचा कागदच पुढे ठेवला. एमआरएनए (विषाणूचं एक प्रथिन कसं बनवायचं हा शरीराला दिलेला निरोप), चार स्निग्ध पदार्थ, क्षार, साखर, बास. एका नर्सला लसीने मूल होण्यात अडचण येईल अशी भीती होती, आणि ती काही हवेतून आलेली नव्हती हो, डिसेंबरच्या सरकारी कागदात दुसऱ्या डोसनंतर दोन महिने प्रेग्नन्सी टाळा असं होतं, महिनाभरात ते काढलं पण डोक्यातून कोण काढणार?

मग आमची नायजेरियन एचसीए, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, बोलली. "गेल्या मार्चमध्ये मास्क मागितला तर पुरवून वापर म्हणाले. आता लस मात्र आधी मलाच, का?" ह्याला माझ्याकडे स्लाइड नव्हती. मी म्हटलं, तुझं खरंय, आणि गप्प बसले. मग तीच टस्कीगीचं सांगत राहिली, अमेरिकेत १९३२ ते १९७२, काळ्या माणसांना सिफिलिसचा उपचार न देता नुसतं बघत बसले होते. मला ते धड माहीत नव्हतं, आणि मी हिला शिकवायला निघाले होते. मला ठाम वाटतं की अशा लोकांना अडाणी समजणं हा अन्याय आहे, त्यांचा अविश्वास कमावलेला आहे.

मी एवढंच सांगितलं की मी घेतलीय, दोन दिवस हात दुखला, एक रात्र ताप होता, ते एमआरएनए काही दिवसांत शरीरात मोडून जातं. ती हो म्हणाली नाही. तीन आठवड्यांनी लस घेऊन आली, म्हणाली राग तसाच आहे, पण घरी आई आहे.

बेननी घेतलीच, वर मला त्यांच्या सुनेला फोन लावायला लावला, तिच्याशी रात्री साडेअकरापर्यंत बोलत होते.