स्पिरुलिना घालून घरी क्रीम आणि हेअर पॅक बनवला, माझा अनुभव

घरी क्रीम बनवायला लागल्यापासून सूक्ष्म शेवाळ वापरून बघायचंच होतं, म्हणून सुरुवात स्पिरुलिनाने केली (शास्त्राप्रमाणे ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू, पण विकतात मायक्रोअल्गी म्हणजे सूक्ष्म शेवाळ म्हणूनच). पावडर घ्यायच्या आधी लॅब रिपोर्ट मागितला कारण शेवाळ ज्या पाण्यात वाढतं त्यातलं शिसं, पारा वगैरे ते शोषून घेतं, आणि ज्याने रिपोर्ट द्यायला टाळाटाळ केली त्याच्याकडून घेतलीच नाही.

पावडर थेट क्रीममध्ये घातली की कितीही वस्त्रगाळ करा, बोटाला कचकच लागतेच. म्हणून ती डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवली आणि सकाळी कॉफी फिल्टरने गाळली. वर हिरवा गाळ आणि खाली निळंशार पाणी, उजेडात धरलं की लालसर झाक मारतं, इतकं सुंदर दिसतं की बघतच बसावं! हा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन नावाचं प्रोटीन, तो पाण्यात उतरतो, क्लोरोफिल उतरत नाही म्हणून गाळातच राहतं.

पण फायकोसायनिनला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाही. क्रीमसाठी तेल-पाणी 70-75 अंशांपर्यंत तापवतो, त्यामुळे थोडं पाणी कमी धरून क्रीम बनवलं, ते 40 अंशांच्या खाली आल्यावर हे निळं पाणी घातलं, त्यासोबतच प्रिझर्व्हेटिव्ह. नॅचरल आहे म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नको हे मला अजिबात पटत नाही, पाणी आणि प्रोटीन एकत्र आलं की बुरशी आणि जंतूंची चंगळच, आणि व्हिटॅमिन ई ते थांबवत नाही, ते फक्त तेल खवट होऊ नये म्हणून. डबी काळपट काचेची घेतली. हाताच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट करून दोन दिवस थांबले, मगच चेहऱ्याला लावलं.

केसांसाठी उरलेलं निळं पाणी कोरफडीच्या जेलमध्ये मिसळून लगेच वापरलं, कारण नुसती पावडर केसांत अडकते आणि धुता धुता जीव जातो, शिवाय तो माशासारखा वास. केस मऊ झाले, वाढले वगैरे नाहीत, आणि ती अपेक्षाही नव्हती, एवढे मोठे प्रोटीनचे रेणू केसांत शिरत नाहीत, वरच थर देतात, आत जायला हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेलं प्रोटीन लागतं.

आता अस्टाझँथिन घालून बघणार आहे, म्हणजे हिमॅटोकॉकस नावाच्या शेवाळातलं लालसर रंगद्रव्य, ते तेलात उतरतं त्यामुळे तेलाच्या भागात जाईल, फक्त जपून, क्रीम भगवं व्हायला अगदी थोडंसंच पुरतं.